वर्डच्या फाइलपासून नीटनेटकं वेबपान कसं करावं

मजकूर वर्डमध्ये लिहून तयार आहे आणि तोच वेबसाइटवर टाकायचाय, तर तो पुन्हा टाइप करत बसायची गरज नाही. वर्ड, लिबरऑफिस रायटर, गूगल डॉक्स या तिन्हींत वेबपान करून देणारा पर्याय आहे. तो दाबला की फाइल मिळते, ब्राउझरमध्ये उघडते आणि संगणकावर बरी दिसते. मग कुणीतरी ती मोबाइलवर उघडतं. अक्षरं मुंगीएवढी, तक्ता पडद्याबाहेर गेलेला, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन.

खापर वर्डवर फुटतं. थोडा दोष त्याचा आहेही. पण बहुतेक पानं सेव्ह करताना नाही, लिहितानाच बिघडलेली असतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग मूळ डॉक्युमेंट नीट करण्यावर आहे. घाई असली तरी तो गाळू नका; गाळायचंच असेल तर पुढची सजावट गाळा.

उदाहरणादाखल एका ग्रंथालयाची नियमावली घेऊ. चार-पाच पानं, वर मोठं शीर्षक, मध्ये 'सभासदत्व', 'पुस्तकांची देवघेव', 'विलंबशुल्क' असे मथळे, वेळापत्रकाचा एक तक्ता आणि इमारतीचा एक फोटो.

आधी फाइलच्या आत डोकावा

डॉकएक्स फाइलची एक प्रत करा आणि तिच्या नावाच्या शेवटचं 'डॉकएक्स' काढून तिथे 'झिप' लिहा. आता ती उघडली की आत फोल्डर दिसतील. ऑफिस २००७ पासून वर्डची फाइल म्हणजे एक झिप गठ्ठाच असतो. 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'डॉक्युमेंट' नावाची एक एक्सएमएल फाइल असते, तीत सगळा मजकूर, आणि शेजारच्या 'मीडिया' फोल्डरात तुमची चित्रं. हे फोल्डर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

त्या एक्सएमएल फाइलीत प्रत्येक परिच्छेदाबरोबर त्याची नोंद असते. 'सभासदत्व' हा शब्द तुम्ही निवडला, ठळक केला आणि आकार १८ केला, तर नोंद होते ती एवढीच: साधा परिच्छेद, अक्षरं ठळक, आकार ३६. (वर्ड आकार अर्ध्या पॉइंटात मोजतं.) हा मथळा आहे, असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. पाहणाऱ्याला ते कळतं, पण रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कळायला काही मार्ग नाही. तो प्रामाणिकपणे ठळक अक्षरांचा एक साधा परिच्छेद वेबपानात उतरवतो. याउलट त्याच शब्दाला 'हेडिंग २' ही स्टाइल (वर्डमधला नाव दिलेला तयार साचा) दिली, तर ते नावच फाइलीत नोंदलं जातं आणि वेबपानात खरा मथळा येतो.

वेबपानातही मथळ्यांच्या सहा पातळ्या असतात, एच-१ ते एच-६. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१च्या अगदी पहिल्या टॅगयादीतही त्या होत्या. (टॅग म्हणजे मजकुराचा कुठला तुकडा काय आहे हे ब्राउझरला सांगणारी खूण.) वर्डची हेडिंग १ ते ६ त्यांच्याशी थेट जुळते. सर्च इंजिन पानाचा विषय ओळखताना हे मथळे बघतं, आणि दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत पान वाचतो. नुसत्या ठळक अक्षरांवर त्याला उडी मारता येत नाही.

(टॅगची आणि पर्यायांची नावं इथे मी उच्चाराप्रमाणे देतोय. फाइलीत ती रोमन लिपीतच लिहायची.)

मथळ्यांना स्टाइल द्या

मथळ्याच्या ओळीवर कर्सर ठेवा आणि कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा. हेडिंग १ लागलं. २ आणि ३ साठीही तसंच. गूगल डॉक्समध्ये हेच शॉर्टकट चालतात. लिबरऑफिसमध्ये ऑल्टची गरज नाही, नुसतं कंट्रोल आणि आकडा.

हेडिंग १ पानात एकदाच, मुख्य शीर्षकाला. वर्डमध्ये 'टायटल' नावाची आणखी एक देखणी स्टाइल असते आणि शीर्षकासाठी तीच वापरायचा मोह होतो. वेबपान करायचं असेल तर आवरा. वर्ड तिचं रूपांतर एच-१ मध्ये करत नाही, साध्या परिच्छेदातच करतं. मग 'सभासदत्व', 'पुस्तकांची देवघेव' यांना हेडिंग २, आणि सभासदत्वाखाली 'बालसभासद' असा पोटमथळा असेल तर हेडिंग ३. हेडिंग २ दिसायला फार मोठं वाटतं म्हणून थेट ४ घेऊ नका. दिसणं आवडलं नाही तर स्टाइलवर उजवी क्लिक करून 'मॉडिफाय'मध्ये जा आणि तिथे बदला.

जुनी फाइल असेल, पन्नास मथळे हाताने ठळक केलेले असतील, तर एकेकाच्या मागे धावू नका. एका मथळ्यावर कर्सर ठेवा, 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' आहे, त्यात 'सिलेक्ट ऑल टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग' निवडा. तशाच दिसणाऱ्या सगळ्या ओळी एकदम निवडल्या जातात. आता कंट्रोल-ऑल्ट-२ दाबलं की सगळ्या मथळ्यांना एका फटक्यात स्टाइल लागते. कुणी एका मथळ्याचा आकार १८ आणि दुसऱ्याचा १७ ठेवला असेल तर तेवढे वेगळे पकडावे लागतात.

झालं की 'व्ह्यू' टॅबमधून 'नॅव्हिगेशन पेन' उघडा. डावीकडे मथळ्यांची उतरंड दिसेल. तुमच्या वेबपानाचा सांगाडा हाच. जो मथळा या यादीत नाही तो वेबपानातही मथळा असणार नाही. लिबरऑफिसमध्ये यासाठी एफ-५ दाबा.

स्पेसबार आणि एंटरची करामत काढून टाका

कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबा. एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात: प्रत्येक स्पेसला ठिपका, टॅबला बाण, परिच्छेदाच्या शेवटी उलट्या पी-सारखी खूण. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि एफ-१०. बहुतेक फाइलींत इथे जे दिसतं ते बघून जरा धक्काच बसतो. मजकूर मध्यभागी आणण्यासाठी वीस स्पेस, पुढच्या पानावर ढकलण्यासाठी अकरा एंटर, रकाने जुळवण्यासाठी टॅबांची रांग.

कागदाची रुंदी ठरलेली असते, म्हणून हे सगळं कागदावर चालून जातं. वेबपानाची रुंदी वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे बदलते, आणि ब्राउझर ओळीने आलेल्या अनेक स्पेस एकच समजतो. ते होऊ नये म्हणून वर्ड त्या वीस स्पेसांच्या जागी वीस न तुटणाऱ्या स्पेस घालून ठेवतं. परिणाम असा की मोबाइलवर ओळ भलत्याच ठिकाणी मोडते.

रिकामे परिच्छेद काढायला कंट्रोल-एच दाबा. 'फाइंड व्हॉट'मध्ये कॅरेटची खूण (६ च्या कीवरची), मग पी, पुन्हा कॅरेट आणि पी. 'रिप्लेस विथ'मध्ये कॅरेट आणि पी एकदाच. 'रिप्लेस ऑल' दोन-तीनदा दाबा, सापडणं थांबेपर्यंत. परिच्छेदांमधलं अंतर हवं असेल तर ते स्टाइलमध्ये ठेवा.

टॅबने जुळवलेले रकाने निवडून 'इन्सर्ट', 'टेबल', 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल' केलं की खरा तक्ता होतो. वेळापत्रकाच्या तक्त्यात पहिल्या ओळीवर उजवी क्लिक करून 'टेबल प्रॉपर्टीज'मध्ये 'रो' या भागात 'रिपीट ॲज हेडर रो' ही खूण करा. घरं जोडून, म्हणजे 'मर्ज' करून केलेले गुंतागुंतीचे तक्ते शक्य तितके सोपे करा. आणि मजकूर डावीकडे, फोटो उजवीकडे अशी निव्वळ मांडणी करण्यासाठी तक्ता घातला असेल तर तो मोडून टाका.

याद्यांचंही तसंच. '१)' हाताने टाइप करून स्पेस दिलेली यादी ही यादी नसते. बुलेट किंवा क्रमांकाचं बटण वापरा.

काही गोष्टी वेबपानात पोचतच नाहीत किंवा ओळखू येणार नाहीत अशा पोचतात. पानाच्या वरचा हेडर, खालचा फूटर आणि पृष्ठक्रमांक गायब होतात. टेक्स्ट बॉक्स, वर्डआर्ट, स्मार्टआर्ट यांची बहुधा चित्रं होतात, म्हणजे त्यातला मजकूर ना शोधता येतो ना कॉपी करता येतो. महत्त्वाची सूचना चौकटीत टाकली असेल तर ती साध्या परिच्छेदात आणा आणि त्याला स्टाइलमधून किनार द्या. तळटीपा मात्र नीट जातात. त्या पानाच्या शेवटी गोळा होतात आणि क्रमांकावर क्लिक केलं की तिथे नेतात. अनुक्रमणिका ठेवायची असेल तर तिच्या खिडकीत पृष्ठक्रमांकांऐवजी हायपरलिंक वापरण्याचा पर्याय चालू असल्याची खात्री करा. 'पान ४ पाहा' असं वाक्य मजकुरात राहिलं असेल तर तेही बदला, कारण वेबपानात पान ४ नाही.

फोटो

मोबाइलने काढलेला फोटो सहज ४,००० पिक्सेल रुंद असतो. वर्डमध्ये कोपरा ओढून तो लहान केला तरी आत मूळ फोटो जसाच्या तसा राहतो. वेबपान करताना वर्ड नेमकं उलट टोक गाठतं. 'फिल्टर्ड' पर्यायात ते चित्र डॉक्युमेंटमध्ये दिसत होतं तेवढंच बारकं करून लिहितं, आणि चांगल्या पडद्यावर ते धुरकट दिसतं.

म्हणून चित्रं मी वर्डकडून घेत नाही. वर सांगितलेली झिपची युक्ती करून 'मीडिया' फोल्डरातली मूळ चित्रं बाहेर काढा, कुठल्याही चित्रांच्या प्रोग्राममध्ये १,२०० ते १,६०० पिक्सेल रुंदीची करा आणि वेबपान सेव्ह झाल्यावर वर्डने दिलेल्या चित्रांच्या जागी त्याच नावाने ठेवा. फोटो असेल तर जेपेग, रेघांची आकृती किंवा मजकुराचा स्क्रीनशॉट असेल तर पीएनजी.

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या. चित्रावर उजवी क्लिक, 'ऑल्ट टेक्स्ट', आणि चित्रात काय आहे ते एका वाक्यात: 'ग्रंथालयाचं प्रवेशद्वार, डावीकडे पुस्तकं परत टाकायची पेटी'. वर्ड काही वेळा हे वर्णन आपणहून भरतं. ते वाचून पाहिल्याशिवाय ठेवू नका.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे ना?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला आकडा देणारी जागतिक पद्धत. हा टप्पा चुकला तर बाकी सगळं केलेलं पाण्यात. जुनी फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेली असेल, तर तिच्यात प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात; फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की पानभर निरर्थक चिन्हं. ओळखायची पद्धत सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसली तर युनिकोड आहे.

नसेल तर आधी युनिकोड परिवर्तक वापरून मजकूर बदलून घ्या. हे परिवर्तक प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे असतात, तेव्हा फॉन्टचं नेमकं नाव पाहून निवडा. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालाच. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं इथे हमखास घोटाळा होतो.

आता सेव्ह करा

विंडोजवरच्या वर्डमध्ये:

१. डॉक्युमेंटची वेगळी प्रत करा. 'रिव्ह्यू' टॅबमध्ये सगळे ट्रॅक केलेले बदल स्वीकारा आणि शेरे काढून टाका.

२. 'फाइल', 'सेव्ह ॲज'. प्रकाराच्या यादीत तीन वेब पर्याय दिसतील. 'वेब पेज, फिल्टर्ड' निवडा.

३. त्याच खिडकीत 'चेंज टायटल' आहे. तिथे पानाचं शीर्षक लिहा. ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात हेच दिसतं.

४. सेव्ह बटणाजवळ 'टूल्स', त्यात 'वेब ऑप्शन्स', त्यात 'एन्कोडिंग'. इथे 'युनिकोड, यूटीएफ-८' निवडा.

५. फाइलचं नाव रोमन छोट्या अक्षरांत, स्पेस न देता. सेव्ह.

एन्कोडिंग म्हणजे अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत; ही पायरी मराठीसाठी चुकवू नये. तिथे पाश्चात्त्य एन्कोडिंग राहिलं तर वर्ड प्रत्येक देवनागरी अक्षर आकड्यात लिहितं. 'म' हे एक अक्षर म्हणजे ॲम्परसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम अशी सात चिन्हं. ब्राउझर ते बरोबर दाखवतो, पण फाइल फुगते आणि उद्या नोटपॅडमध्ये उघडून एक शब्द दुरुस्त करायचा म्हटलं तर वाचताच येत नाही.

बाकीचे दोन पर्याय का नकोत? 'सिंगल फाइल वेब पेज' सगळं एका एमएचटी फाइलीत कोंबतं; ती फायरफॉक्समध्ये उघडत नाही आणि वेबसाइटवर ठेवायच्या कामाची नाही. नुसतं 'वेब पेज' मात्र फसवं आहे, कारण नाव अगदी हवं तसंच आहे. वर्ड २०००च्या सुमारास मायक्रोसॉफ्टचा विचार असा होता की वेबपान पुन्हा वर्डमध्ये उघडलं तर काहीही हरवू नये. म्हणून त्यात वर्डची झाडून सगळी माहिती भरलेली असते. लेखकाचं नाव, शेवटी बदल करणाऱ्याचं नाव, संपादनाला लागलेली मिनिटंसुद्धा. वाचकाला त्याचा उपयोग शून्य, आणि कधीकधी ते उघड व्हायलाही नको असतं. 'फिल्टर्ड' ही भर काढून टाकतं. मॅकवर हाच पर्याय वेबपान निवडल्यावर 'फक्त दिसण्याची माहिती सेव्ह करा' अशा अर्थाच्या खुणेने मिळतो.

लिबरऑफिसमध्ये 'सेव्ह ॲज' करून 'एचटीएमएल डॉक्युमेंट' निवडलं की काम होतं. (एचटीएमएल म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात ती.) त्याच्या याद्या खऱ्या याद्या म्हणून उतरतात, ही मोठी जमेची बाजू. वर्ड बहुतेकदा बुलेटचा ठिपका आणि मोकळ्या जागा टाइप करून यादीचा नुसता आभास तयार करतं. गूगल डॉक्समध्ये 'फाइल', 'डाउनलोड', 'वेब पेज'. तिथे झिप मिळते, आत पान आणि चित्रांचं फोल्डर. तिच्यात दोन गोष्टी खटकतात. ठळक शब्दाला ठळकपणाचा टॅग न लावता सी-१, सी-२ असली नावं देऊन वर त्यांची सजावट लिहिलेली असते, आणि तुमच्या प्रत्येक बाहेरच्या लिंकच्या आधी गूगलचा पत्ता चिकटवलेला असतो. तो काढून मूळ पत्ता ठेवा.

फाइल उघडून चार दुरुस्त्या

मिळालेली फाइल नोटपॅडमध्ये किंवा व्हीएस कोडसारख्या संपादकात उघडा. घाबरायचं काही कारण नाही. वरचा भाग 'हेड', खालचा 'बॉडी', मजकूर बॉडीत.

पहिली दुरुस्ती हेडमध्ये. वर्डच्या पानात 'व्ह्यूपोर्ट'ची, म्हणजे पान किती रुंदीचं धरायचं हे सांगणारी, ओळ नसते, आणि अक्षरं बारीक दिसतात ती त्यामुळे. मोबाइलचा ब्राउझर मग पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि ते सगळं छोट्या पडद्यात आक्रसून दाखवतो. एक 'मेटा' टॅग घाला: नेम 'व्ह्यूपोर्ट', कंटेंट 'विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, स्वल्पविराम, इनिशियल-स्केल बरोबर १'. एका ओळीने पानाची कळा बदलते.

दुसरी, सगळ्यांत वरच्या 'एचटीएमएल' टॅगमध्ये भाषा. 'लँग' या गुणधर्माची किंमत 'एमआर' करा. वर्डने खालच्या 'बॉडी' टॅगमध्ये 'लँग' म्हणून भलतंच काही लिहिलेलं असू शकतं; तेही बदला. स्क्रीन रीडर यावरून मराठी उच्चार निवडतो. शिवाय काही देवनागरी फॉन्ट भाषा मराठी आहे हे कळल्यावरच मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

तिसरी दुरुस्ती जरा हाताची आहे. हेडमधला 'स्टाइल'चा लांबलचक तुकडा पूर्ण काढून टाका आणि त्याच्या जागी पाच-सहा ओळींचा आपला लिहा: बॉडीची कमाल रुंदी ४० ईएम (ईएम हे अक्षराच्या आकारावरून ठरणारं माप), डाव्या-उजव्या बाजूला ऑटो मार्जिन, कडेला १ ईएम पॅडिंग, ओळींची उंची १.७, चित्रांची कमाल रुंदी १०० टक्के, तक्त्याला बारीक किनार. इंग्रजी पानांना ओळीची उंची १.५ पुरते, देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात, त्यांना थोडी जास्त जागा लागते. फॉन्टसाठी 'नोटो सॅन्स देवनागरी' किंवा 'मुक्त' घ्या, दोन्ही मोफत मिळतात. 'मंगल' फक्त विंडोजवर असतो, तेव्हा त्याच्याच भरवशावर राहू नका.

चौथी: तक्ता. वर्ड तक्त्याला आणि त्याच्या प्रत्येक घराला पॉइंटमध्ये ठरलेली रुंदी लिहून ठेवतं. 'विड्थ' शोधा आणि तक्त्याच्या टॅगांमधून काढून टाका. तक्ता तरीही रुंद असेल तर तो एका 'डिव्ह' टॅगमध्ये गुंडाळून त्याला 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' द्या. मग तेवढा तक्ता आडवा सरकतो, पान जागेवर राहतं.

मजकुरात 'एमएसओ-नॉर्मल' असली नावं आणि 'स्पॅन' टॅग उरतील. वरचा स्टाइलचा तुकडा गेल्यावर ती नावं बिनविषारी होतात, पण 'स्पॅन'मध्ये थेट लिहिलेले फॉन्ट आणि आकार तसेच राहतात. ते उपसायला 'एचटीएमएल टायडी' नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात वर्डच्या फाइलींसाठी वेगळा पर्यायच दिलेला आहे.

हेच काम वारंवार असेल तर

महिन्याला एखादं पान असेल तर वरची पद्धत पुरे. दर आठवड्याला पानं करायची असतील तर मी म्हणेन, वर्डचं सेव्ह ॲज विसरा आणि पॅनडॉक घ्या. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा मोफत प्रोग्राम. त्याला खिडक्या आणि बटणं नाहीत, कमांड लिहावी लागते, एवढीच अडचण. कमांड अशी: आधी 'पॅनडॉक', मग वर्ड फाइलचं नाव, मग 'डॅश एस', मग 'डॅश ओ' आणि नव्या फाइलचं नाव. चित्रं वेगळ्या फोल्डरात हवीत तर दोन डॅश देऊन 'एक्स्ट्रॅक्ट-मीडिया' आणि बरोबरच्या खुणेनंतर फोल्डरचं नाव. भाषेसाठी 'डॅश कॅपिटल एम' आणि 'लँग बरोबर एमआर'.

पॅनडॉक फॉन्ट, रंग, आकार सगळं फेकून देतं आणि फक्त मथळे, याद्या, तक्ते, लिंक, ठळक-तिरपं एवढंच ठेवतं. चित्रं मूळ आकारात बाहेर येतात. 'डॅश एस' दिल्यामुळे व्ह्यूपोर्टची ओळही आयती येते. म्हणजे वरच्या चार दुरुस्त्यांपैकी बहुतेक करायच्याच राहत नाहीत. अट एकच, मथळ्यांना खऱ्या स्टाइल असल्या पाहिजेत. नसतील तर पॅनडॉक तुम्हाला सपाट परिच्छेदांचा ढीग देईल.

गूगल डॉक्सवाल्यांना २०२४ पासून 'मार्कडाउन' (साध्या मजकुरातच मथळे-याद्यांच्या खुणा लिहायची पद्धत) म्हणूनही डाउनलोड करता येतं. बऱ्याच वेबसाइटी ते थेट स्वीकारतात.

वर्डप्रेस वापरत असाल तर फाइल करायचीच गरज नाही. डॉक्युमेंटमधला मजकूर कॉपी करा, संपादकात पेस्ट करा. मथळे, याद्या, तक्ते आपापल्या ब्लॉकमध्ये जाऊन बसतात. पानाचं शीर्षक वर्डप्रेस स्वतःच एच-१ करतं, त्यामुळे ते मजकुरात पुन्हा पेस्ट करू नका. चित्रं मात्र वेगळी अपलोड करावीत. पेस्ट केल्यावर रंग-फॉन्टचा कचरा आलाच तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरून साधा मजकूर घ्या आणि मथळे तिथेच लावा.

चढवणं आणि तपासणं

पान आणि चित्रांचं फोल्डर दोन्ही वेबसाइटच्या सर्व्हरवर चढवा. नुसतं पान चढवलं की ते रिकामे चौकोन दिसतात. वर्डने केलेल्या फोल्डरचं नाव बदललं तरी तेच होतं, कारण पानात जुनं नाव लिहिलेलं असतं. बहुतेक सर्व्हरवर मोठं आणि छोटं रोमन अक्षर वेगळं मानलं जातं, म्हणून पानात एक आणि फोल्डरवर दुसरं असेल तर तुमच्या विंडोजवर सगळं ठीक आणि सर्व्हरवर चित्रं गायब. नावांत सगळीकडे छोटी अक्षरं आणि दोन शब्दांमध्ये हायफन ठेवले की ही भानगड उद्भवत नाही. साइटचं पहिलं पान असेल तर नाव 'इंडेक्स'.

तपासायला क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम. पडदा मोबाइलएवढा होतो. पान बोटाने आडवं सरकतंय का बघा. सरकत असेल तर बहुतेक तक्ता किंवा एखादी न तुटणारी ओळ दोषी असते. प्रत्येक लिंक एकदा दाबा. एखाद्या लिंकचा पत्ता 'फाइल' आणि तीन तिरप्या रेघांनी सुरू होत असेल तर ती तुमच्याच संगणकावरच्या फाइलकडे नेतेय आणि दुसऱ्या कुणाकडे चालणार नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेचा मोफत तपासक टॅगमधल्या चुका ओळीगणिक दाखवतो. वर्डच्या पानावर तो लांबलचक यादी देईल. न मिटलेले टॅग आणि चित्रांचा नसलेला पर्यायी मजकूर एवढं आधी दुरुस्त करा, बाकी सावकाश.

पानावर मूळ वर्ड फाइलही डाउनलोडसाठी ठेवणार असाल तर तिच्यातली खासगी माहिती काढा: 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. छापण्यासाठी द्यायची असेल तर पीडीएफ बरी.

शेवटचा प्रश्न पुढच्या बदलांचा. विलंबशुल्क बदललं, तर ते डॉक्युमेंटमध्ये बदलायचं की वेबपानात? दोन्हीकडे थोडं थोडं बदलत गेलात तर वर्षभराने कुठला नियम खरा हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्युमेंट मूळ माना, बदल तिथेच करा आणि पान पुन्हा तयार करा. यासाठीच सजावटीच्या ओळी पानाच्या हेडमध्ये न ठेवता वेगळ्या सीएसएस फाइलीत (सीएसएस म्हणजे वेबपानाची सजावट लिहायची भाषा) ठेवणं सोयीचं पडतं. पान नवं आलं तरी हेडमध्ये तिची एक लिंक घातली की भागतं. पॅनडॉकला तर कमांडमध्येच 'सीएसएस'चा पर्याय देता येतो. नव्या पानाचं नाव जुनंच ठेवा, म्हणजे लोकांनी आधी जपून ठेवलेल्या लिंक तुटत नाहीत. चढवल्यावरही जुनंच पान दिसत राहिलं तर कंट्रोल-एफ-५ दाबा; ब्राउझर त्याच्याकडे साठवलेली प्रत दाखवत असतो.